खांद्यापासून आठ इंच

हात गमावलेल्या सैनिकाच्या निवृत्तिवेतनाचा विषय निघाला की टक्केवारीच्या दाखल्याची चर्चा आधी होते, आणि जितके टक्के जास्त तितकी रक्कम जास्त, हा सरळ हिशेब गृहीत धरला जातो. सैन्यातून लिपिक म्हणून सुभेदारपदावर निवृत्त झालेल्या आणि त्यानंतर उमरखेड तालुक्यातील माजी सैनिकांचे कागद लावून देण्याचे काम करीत आलेल्या एका गृहस्थांचा अनुभव मात्र या हिशेबाशी जुळत नाही. त्यांच्याकडे येणारा माणूस पहिला प्रश्न ‘साहेब, टक्के किती बसतील?’ असाच विचारतो. पण पुढचा सारा पत्रव्यवहार फिरतो तो हात कुठे, कधी आणि कोणत्या कामात असताना गेला याभोवती, आणि पुष्कळदा त्याचे उत्तर अपघाताच्या पहिल्या दिवशीच कोणीतरी घाईघाईने लिहून ठेवलेले असते. प्रस्तुत टिपण सुभेदारांच्या या कामावर आधारलेले आहे.

उमरखेड यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पैनगंगेच्या खोऱ्यात आहे. नदीपलीकडे मराठवाडा लागतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय शंभरएक किलोमीटरवर यवतमाळला असले, तरी गंभीर दुखापतीचा रुग्ण नांदेडला नेला जातो, कारण ते जवळ आहे. साहजिकच अशा माणसाचे उपचाराचे कागद एका जिल्ह्यात, रहिवासाचे दुसऱ्या जिल्ह्यात आणि नोकरीचे त्याच्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात, म्हणजे ज्याला जवान ‘रेकॉर्ड ऑफिस’ म्हणतात तेथे, असे तीन ठिकाणी विखुरलेले असतात. नावातील एखादे अक्षर किंवा अपघाताची तारीख या तिन्हींत वेगवेगळी निघाली, तर टक्क्यांचा विचार होण्याआधीच प्रकरण ‘त्रुटी’ या शेऱ्यासह परत येते.

टक्के ठरविण्याची पद्धत मुळात मोजपट्टीची आहे. हात कोठून कापला गेला, यावर अपंगत्वाचे प्रमाण ठरते, आणि त्यासाठी शरीरावरील दोन हाडे खुणेची म्हणून धरली जातात : खांद्याच्या वर, बाहेरच्या कडेला बोटाला लागणारे हाडाचे टोक, ज्याला वैद्यकात अक्रोमियन म्हणतात, आणि कोपराच्या मागचे टोक, म्हणजे ओलेक्रेनॉन. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला जोडलेल्या आणि पुढे सामाजिक सुरक्षा संहितेतही उतरलेल्या कोष्टकानुसार खांद्याच्या सांध्यातून हात गेल्यास ९० टक्के, उरलेला भाग म्हणजे खुंट अक्रोमियनपासून २०.३२ सेंटिमीटरपेक्षा आखूड असल्यास ८० टक्के, त्याहून लांब पण कोपराच्या टोकाखाली ११.४३ सेंटिमीटरच्या आत असल्यास ७० टक्के, आणि त्याखाली कोठेही किंवा मनगटातून पंजा गेल्यास ६० टक्के मानले जातात. लष्करी वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या मार्गदर्शिकेतील मांडणीही याच वळणाची आहे. सेंटिमीटरचे हे विचित्र दशांश पाहून बुचकळ्यात पडण्याचे कारण नाही. ते आठ इंच आणि साडेचार इंच यांचे रूपांतर आहे. मोजमाप दशमान झाले, पण रेषा जिथल्या तिथेच राहिल्या.

या रेषा ब्रिटिश युद्ध-निवृत्तिवेतनाच्या परंपरेतून आलेल्या आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनने घायाळ सैनिकांसाठी अवयवांच्या टक्केवारीची कोष्टके केली, तेव्हा उजवा हात आणि डावा हात यांना वेगळे टक्के होते. अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या कोष्टकात हा भेद आजही पाळला जातो : पंजा गेल्यास वापरत्या हाताला ७० टक्के आणि दुसऱ्या हाताला ६०. भारतीय कामगार-कोष्टकाने मात्र बोटांचा मथळाच ‘उजव्या किंवा डाव्या हाताची बोटे’ असा ठेवून हा प्रश्न निकालात काढला. तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, मग ती कोणत्याही हाताची असो. ज्याने आयुष्यभर उजव्या हाताने विळा चालवला त्याला हे पटवून देणे सोपे नाही, आणि सुभेदारांनी तसा प्रयत्न करणेही सोडून दिले आहे.

सैनिकाच्या बाबतीत मोजपट्टीवर आणखी एक संस्कार होतो. १ जानेवारी १९९६ पासून लागू झालेल्या नियमानुसार प्रत्यक्ष टक्के तीन पट्ट्यांत वर ढकलले जातात : ५० पेक्षा कमी असल्यास ५० धरतात, ५० ते ७५ असल्यास ७५ आणि ७६ ते १०० असल्यास सरसकट १००. आरंभी हा लाभ अपंगत्वामुळे सेवेतून काढले गेलेल्यांपुरता, म्हणजे जवानांच्या शब्दांत ‘बोर्ड आऊट’ झालेल्यांपुरता होता. राम अवतार प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या १० डिसेंबर २०१४ च्या निकालाने तो पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्या अपंग सैनिकांनाही मिळाला. नियम उदार आहे यात शंका नाही. पण हातांच्या कोष्टकाला तो लावून पाहिला, तर एक गमतीशीर आणि काहीशी क्रूर गोष्ट दिसते. मनगटातून पंजा गेलेल्याचे ६० आणि कोपराच्या वरून हात गेलेल्याचे ७०, हे दोन्ही ७५ होतात, म्हणजे ज्याला कोपर उरले आणि ज्याला ते उरले नाही त्यांच्यात पैशाचा फरक राहत नाही. उलट ७० आणि ८० यांमधली रेषा, जी दंडाच्या मध्याखाली कोठेतरी पडते, ती ७५ आणि १०० यांमधली भिंत होते. खुंट आठ इंचांहून जरासा आखूड असेल तर पूर्ण टक्के, जरासा लांब असेल तर पाऊण. त्यात शल्यविशारद शक्य तितका लांब खुंट राखण्याचा प्रयत्न करतो, कारण कृत्रिम हात बसवायला आणि हलवायला तोच उपयोगी पडतो. म्हणजे ज्या कौशल्यामुळे रुग्णाचा हात अधिक उरतो, त्याच कौशल्यामुळे त्याचा टक्का घटतो. ही तक्रार कोणाविरुद्ध करावी, हे कोणालाच सांगता येत नाही.

टक्के मात्र गुणकच असतात. ज्या रकमेला त्यांनी गुणायचे ती रक्कम ठरते कारणावरून. संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्राने मृत्यू आणि अपंगत्व यांच्या कारणांचे ‘ए’ ते ‘ई’ असे पाच वर्ग केले. सेवेशी संबंध नसलेली कारणे ‘ए’मध्ये, सेवेमुळे जडलेले किंवा सेवेमुळे बळावलेले म्हणून मान्य झालेले आजार ‘बी’मध्ये, कर्तव्यावर असताना झालेले अपघात ‘सी’मध्ये, दहशतवादी किंवा समाजकंटकांच्या हिंसेचे प्रसंग ‘डी’मध्ये आणि शत्रूची कारवाई, सीमेवरील चकमक, सुरुंगाचा स्फोट यांसारखे प्रसंग ‘ई’मध्ये येतात. समजा, हिशेबात धरायचे शेवटचे वेतन ४०,००० रुपये आहे आणि पट्टीनंतरचे अपंगत्व ७५ टक्के आहे. ‘सी’ वर्गात अपंगत्वाचा घटक पूर्ण अपंगत्वाला वेतनाच्या ३० टक्के असल्याने दरमहा ९,००० रुपये होतात. ‘ई’ वर्गात बोर्ड आऊट झालेल्याला युद्धजखम घटक पूर्ण वेतनाइतका धरला जात असल्याने तोच हात ३०,००० रुपयांचा होतो, आणि ‘ए’ वर्गात तो शून्याचा होतो. सेवेच्या काळाचे निवृत्तिवेतन यांहून वेगळे. खुंटाच्या इंचाने जेथे पाव हिश्शाचा फरक पडतो, तेथे कारणाच्या अक्षराने सगळाच डाव उलटतो. वेतनावर आधारलेल्या या पद्धतीत दर्जाही डोकावतोच. १९९६ ते २००५ या काळात तर शंभर टक्क्यांचा दर अधिकाऱ्याला २,६००, कनिष्ठ आयोगप्राप्त अधिकाऱ्याला १,९०० आणि जवानाला १,५५० रुपये असा उघडपणे ठरवून दिलेला होता.

गोंधळात भर पडते ती दिव्यांगत्वाच्या नागरी दाखल्याने. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली शासकीय रुग्णालय जे प्रमाणपत्र देते, त्याची मार्गदर्शक कोष्टके निराळी आहेत : खांद्यातून ९०, दंडाच्या वरच्या तिसऱ्या भागात ८५, खालच्या तिसऱ्या भागात ८०, कोपरातून ७५, कोपराखाली वरच्या भागात ७० व खालच्या भागात ६५, मनगटातून ६०. त्यामुळे कोपराच्या थोडा वर हात कापलेल्या माणसाच्या एका खिशात ७० टक्क्यांचा लष्करी कागद आणि दुसऱ्या खिशात ८० टक्क्यांचे ओळखपत्र असते. ‘दवाखान्यानं ऐंशी दिले अन् मिलिटरीनं सत्तर, मंग माहे दहा टक्के गेले कुठं?’ हा प्रश्न रास्त आहे. त्याचे खरे उत्तर असे की दोन्ही कागदांना विचारलेले प्रश्नच वेगळे आहेत. नागरी दाखला ४० टक्क्यांची पात्रता-रेषा ओलांडली की नाही, हे पाहण्यासाठी असतो, एस.टी.च्या प्रवासातील ७५ टक्के सवलत ४० वाल्याला आणि ८० वाल्याला सारखीच मिळते. हे कागद एकमेकांसमोर ठेवून भांडू नये आणि जिथला कागद तिथेच लावावा, हा सल्ला सुभेदारांना वारंवार द्यावा लागतो. तरीही लष्करी अपिलाच्या अर्जाला नागरी दाखला जोडण्याचा मोह फार थोड्यांना आवरतो.

या सर्व गुंत्याचे एकत्रित दर्शन ज्या प्रकरणात घडते, ते युद्धभूमीवरचे नसून शेतातले आहे. दिवाळीच्या आगेमागे उमरखेडच्या पट्ट्यात सोयाबीनची मळणी चालते. त्याच सुमारास रजा काढून घरी आलेला जवान वडिलांच्या शेतात हातभार लावतो, आणि ज्याला इकडे ‘हडंबा’ म्हणतात त्या मळणीयंत्राच्या तोंडात सोयाबीनची ओली गंजी ढकलताना त्याचा हात काडासोबत आत ओढला जातो. मळणीयंत्रांवरील अशाच अपघातांमुळे संसदेने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला होता. भाड्याने गावोगाव फिरणाऱ्या यंत्रापाशी तो कधी पोहोचलेला दिसत नाही. दहा वर्षांच्या आत सेवा असलेल्या अशा एका जवानाचा उजवा हात कोपराच्या चार बोटे वरून काढावा लागला. वैद्यकीय मंडळाने ७० टक्के लिहिले, पट्टीने ते ७५ होऊ शकले असते; पण त्यापुढच्या रकान्यात ‘सेवेशी संबंध नाही’ असे लिहिले गेले आणि वर्ग ‘ए’ ठरला.

कायद्याच्या दृष्टीने या निष्कर्षात खोट काढणे कठीण आहे. धरमवीर सिंग प्रकरणात २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार पुढे उद्भवला तर तो सेवेमुळेच झाला असे गृहीत धरावे आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार शासनावर राहावा. परंतु हे गृहीतक आजारांना जेवढे तारते तेवढे अपघातांना तारत नाही. जुझार सिंग प्रकरणात २०११ मध्ये त्याच न्यायालयाने वार्षिक रजेवर असताना झालेल्या वाहन-अपघातातील अपंगत्व सेवेमुळे मानण्यास नकार दिला होता. रजा हा सेवेचा भाग असला, तरी रजेतले प्रत्येक कृत्य कर्तव्य ठरत नाही. उमरखेडचा हा जवान रजा संपवून रेल्वे वॉरंटवर, म्हणजे सरकारी खर्चाच्या तिकिटावर, नांदेडहून परत निघाला असता आणि फलाटावर घसरून हात गमावून बसला असता, तर तो प्रवास कर्तव्यात धरला गेला असता. शेत आणि फलाट यांच्यातला हा फरक नियमाला समजतो. घरातल्यांना तो समजावून सांगताना सुभेदार बहुधा आवाज खाली आणतात.

दुसरा दरवाजा राज्याचा होता. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूला किंवा दोन अवयव गेल्यास २ लाख आणि एक अवयव निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात. येथे टक्के नाहीत, इंच नाहीत. हात गेला म्हणजे गेला. सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याबरोबर त्याच्या कुटुंबातील एका सदस्यालाही लाभ मिळतो, आणि अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. मात्र योजनेतून वगळलेल्या बाबींच्या यादीत ‘युद्ध’ आणि ‘सैन्यातील नोकरी’ हे शब्द आहेत. कागद तपासणाऱ्या एकाने त्यावर बोट ठेवले : अर्जदार सैनिक, म्हणून अपात्र. अशा रीतीने सैन्य म्हणत होते की हा अपघात नोकरीतला नाही, आणि योजनेचा वाचक म्हणत होता की नोकरी सैन्यातली आहे म्हणून हा अपघात चालणार नाही.

सुभेदारांच्या मते त्यांच्या कामाचा कस लागला तो येथे. वगळलेल्या बाबींची ती यादी व्यक्तींची नाही, कारणांची आहे. तिच्यात आत्महत्येचा प्रयत्न आहे, मोटारींची शर्यत आहे, नशेच्या अमलाखालचा अपघात आहे. त्या ओळीत बसलेली ‘सैन्यातील नोकरी’ ही अपघाताचे कारण म्हणून आहे, अपघात झालेल्याचा व्यवसाय म्हणून नव्हे. हे लिहून देताना त्यांनी पुरावा जोडला तो रजेच्या प्रमाणपत्राचा आणि, तो येताच, कोर्ट ऑफ इन्क्वायरीच्या, म्हणजे पलटणीतील चौकशी मंडळाच्या अभिप्रायाचा, ज्यात जवान कर्तव्यावर नव्हता असे स्पष्ट म्हटले होते. ज्या कागदाने निवृत्तिवेतनातला मोठा घटक बुडवला, त्याच कागदाने एक लाख मिळवून दिले. यात न्याय किती झाला हे ज्याने त्याने ठरवावे. एक लाख रुपये आणि आयुष्यभराचे दरमहा ९,००० रुपये यांची तुलना करायला गणित फारसे लागत नाही.

याच तालुक्यात दुसऱ्याच्या शेतात किंवा कारखान्यात मजुरी करणाऱ्याचा हात गेला असता, तर कायद्याने निराळाच प्रश्न विचारला असता : या माणसाची कमाई किती गेली? प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास साबत या खटल्यात एका चित्रपटगृहाच्या सजावटीचे काम करताना पडून डावा हात गमावलेल्या सुताराला कोष्टकाप्रमाणे ७० टक्के बसत होते. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या अखेरीस त्याचे अपंगत्व शंभर टक्के मानले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. राज कुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात तेच तत्त्व मोटार-अपघातांसाठी अधिक फोडून सांगितले गेले : डावा हात गेलेला चालक किंवा सुतार जवळजवळ सगळी कमाई गमावतो, सरकारी कारकून कदाचित काहीच गमावत नाही. तिशीच्या, १५,००० रुपये वेतन असलेल्या कामगाराला ७० टक्क्यांनीच मोजले, तरी वेतनाचे ६० टक्के गुणिले २०७.९८ हा वयाचा गुणक, या हिशेबाने १३,१०,२७४ रुपये होतात. शंभर टक्के धरले तर १८,७१,८२०. सैनिकी नियमांना हा प्रश्न विचारण्याची गरज वाटत नाही, कारण ते असे धरून चालतात की सैनिकाचा व्यवसाय सैन्यच. गावी परतल्यावर तो शेतकरी होतो, आणि औताचा रुमणा, फवारणीचा पंप किंवा बैलाची वेसण धरण्यासाठी दुसरा हात लागतो, ही गोष्ट त्यांच्या कोष्टकात कोठेच नोंदली जात नाही.

कृत्रिम हात मिळतो, आणि तो महाराष्ट्रातच मिळतो. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या मोहिमेवर गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी या डिव्हिजनला कुत येथे शरण जावे लागले आणि त्या मोहिमेतून असंख्य भारतीय सैनिक अधू होऊन परतले. १९१७ मध्ये अपंग सैनिकांना हुन्नर शिकविण्यासाठी मुंबईत सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पुढे खडकीला आली, आणि दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पुण्यात लष्कराचे आर्टिफिशियल लिंब सेंटर उभे राहिले. तेथून आलेला हात लग्नकार्यात घातला जातो आणि शेतात काढून ठेवला जातो, हे सुभेदारांचे निरीक्षण. उन्हाळ्यात घामाने खुंटाला बसवलेला साचा सरकतो, आणि चिखलात तर तो अडचणच करतो.

कागदांच्या जगात एका हाताच्या माणसाला लागणारी खरी मदत फार बारीक असते. उजवा हात गेलेल्याची बँकेतील नमुना सही उजव्या हाताची असते; डाव्याने गिरवलेली नवी सही जुळत नाही, म्हणून खाते अडते. डावा हात गेलेल्यासमोर जो अर्ज येतो, त्यात चौकटीखाली छापलेले असते ‘डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा’. अशा वेळी उजव्या अंगठ्याचा ठसा घेऊन बाजूला कारण लिहावे आणि त्यावर साक्षीदाराच्या व अधिकाऱ्याच्या सह्या घ्याव्यात, ही साधी रीत आहे. पण ती वेळीच न केल्याने महिनोन्महिने रखडलेली प्रकरणे सुभेदारांनी पाहिली आहेत. निवृत्तिवेतनाचे काम ‘स्पर्श’ या संगणकीय व्यवस्थेकडे गेल्यापासून हयातीचा दाखलाही बोटाच्या ठशावर किंवा चेहऱ्यावर घेतला जातो, त्यामुळे नवी सही आणि आधारमधील उरलेल्या हाताचे ठसे आधी अद्ययावत करून घ्यावेत, असा त्यांचा आग्रह असतो.

रजेवरच्या त्या जवानाला अपंगत्वाचा घटक मिळाला नाही, तरी २०२० च्या निर्णयामुळे दहा वर्षांच्या आतल्या सेवेलाही असमर्थता निवृत्तिवेतन मिळू लागले असल्याने दरमहा काही रक्कम सुरू झाली; त्यापूर्वीच्या नियमांत त्याची एकरकमी ग्रॅच्युइटीवर बोळवण झाली असती. कारणाच्या वर्गाविरुद्ध लष्कराकडे अपील आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे दाद, असे मार्ग त्याला मोकळे आहेत. सुभेदारांनी अपिलाचा मसुदा करून दिला आहे, पण जुझार सिंग निकालाची प्रतही सोबत दिली आहे आणि वकिलाचे पैसे भरण्याआधी ती वाचून घेण्यास सांगितले आहे. अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या २०२३ च्या नियमांमुळे त्यानंतर सेवेतून बाहेर पडणाऱ्यांची प्रकरणे आणखी वेगळ्या चाळणीतून जातात, म्हणून सध्या त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला ते हात दाखवण्याआधी दोन तारखा विचारतात : दुखापतीची आणि सैन्यातून नाव कमी झाल्याची.